एकादशीचं कुपन

त्या दिवशी एकादशी होती. दादा सकाळी सहाच्या बसने कंपनीत गेला. साडेतीनला शिफ्ट सुटली. बस मोशीला आली. दादा बसमध्ये नव्हता. दुसऱ्या दिवशी शेळ्या चारणाऱ्या माणसांना तो मोशीच्या दगडखाणीत दिसला. त्याच्या डोक्याला मार होता. श्वास नव्हता.

खात्रीने सांगता येतं ते एवढंच. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. त्याला कोणी मारलं की तो पाय घसरून पडला, कंपनीतून तो खाणीकडे का आला, हे पोलिसांना कळलं नाही आणि आम्हालाही कळलं नाही. कळलं नाही म्हणूनच तो टीव्हीवर गेला. ज्या मरणाचा उलगडा झालाय त्यात त्या लोकांना रस नसतो.

मालिकेबद्दल लिहायचं तर आधी कुपनाबद्दल लिहायला हवं.

चाकणच्या त्या कंपनीत कँटीनला कुपनं चालायची. कायम कामगाराला महिन्याच्या सुरुवातीला एक कुपनबुक मिळायचं. प्रत्येक कुपनावर तारीख आणि कामगाराचा टोकन नंबर, मागे सहीची जागा. रोज सही करायचा कंटाळा म्हणून सगळे जण पहिल्याच दिवशी सगळ्या कुपनांवर सह्या करून ठेवायचे. दादा घरी चहा पिता पिता करायचा. कंत्राटी कामगारांना कुपन नसायचं. ते डबा आणायचे, नाहीतर गेटबाहेर वडापाव खायचे.

दादाच्या गळ्यात माळ होती. एकादशीला तो दिवसभर पाणी आणि काळा चहा यांवर राहायचा आणि घरी आल्यावर आईने केलेली भगर खायचा. त्यामुळे महिन्याला दोन कुपनं उरायची, ती तो कोणातरी कंत्राटी कामगाराला द्यायचा. शॉपमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या विभागात, असे आठ-दहा माळकरी होते आणि सगळेच द्यायचे. नियमाने हा गुन्हा होता. पकडलं गेलं तर कायम माणसाला मेमो, आणि कंत्राटी माणसाचं गेट बंद, म्हणजे कामावरूनच छुट्टी. त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं.

त्या एकादशीला दादाचं कुपन कँटीनच्या पेटीत निघालं. नंबर त्याचा, सही त्याची. साडेअकराच्या सुट्टीत तो जेवला, असं पोलिसांनी लिहून टाकलं. मग शवविच्छेदनाचा अहवाल आला. त्यात पोट रिकामं होतं. साडेअकराला जेवलेल्या माणसाचं पोट रिकामं असेल तर तो त्यानंतर बरेच तास जगला असला पाहिजे. म्हणजे तो संध्याकाळी मेला. तर्क सरळ होता.

आई त्यांना सांगत होती. "साहेब, एकादस होती. त्यो कशाला जेवंल? माझं लेकरू मरंल पर एकादस मोडायचं न्हाई."

"मावशी, घरी एकादशी आणि कंपनीत कोंबडी, अशी लय पोरं बघितलीत आम्ही," साहेब म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं.

शॉपमध्ये चौकशी झाली. तुम्ही कुपन दुसऱ्याला देता का? एकाही माळकऱ्याने हो म्हटलं नाही. विठ्ठलाचं नाव घेणारे आठ-दहा जण एका मेमोला भिऊन खोटं बोलले. खरं बोलला तो दादाचा मित्र. दोघे एकाच आळीत वाढलेले, एकाच दिवशी कंपनीत लागलेले. दादा मेंटेनन्सला, कंपनीभर फिरता, म्हणून तो दुपारी होता की नव्हता हे कोणाला सांगता येईना; हा प्रेसवर, पत्रा दाबायच्या मशीनवर. "देतात साहेब, सगळेच देतात. त्यानं बी दिलं असंल," तो म्हणाला. कोणाला दिलं, ते त्याला माहीत नव्हतं. मग बाकीचे सगळे खोटं बोलतात काय? सगळ्यांहून वेगळं बोलणारा म्हणून तोच नजरेत भरला. त्यात शिफ्ट सुटल्यापासून रात्री घरी येईपर्यंत आपण कुठे होतो, हे त्याला सिद्ध करता येईना. घरी ओव्हरटाइम सांगून तो चिंचवडला एकटाच सिनेमा बघायला गेला होता. तिकीट फेकून दिलेलं. सकाळी सात ते साडेतीन मात्र तो चाळीस माणसांच्या देखत प्रेसवर उभा होता. दादा सकाळी मेला असेल तर या माणसाचा काही संबंध नाही. संध्याकाळी मेला असेल तर आहे. सगळं त्या एका जेवणावर येऊन थांबलं होतं.

आणि ते जेवण कोण जेवलं, हे मला माहीत होतं.

अहवाल यायच्या आधीची गोष्ट. दादाचा दशक्रिया विधी इंद्रायणीच्या घाटावर झाला. आमच्याकडे दशक्रियेला प्रवचन असतं आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं. ज्यांनी दादाला कधी पाहिलं नव्हतं अशा चार पुढाऱ्यांनी माइकवरून त्याला मनमिळाऊ म्हटलं. तिसऱ्याचं भाषण चालू असताना मी वरच्या पायरीवर, चपलांच्या ढिगापाशी उभी होते. तिथे एक माणूस आला. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा.

"ताई, दादांच्या कुपनावर मीच जेवलो," तो म्हणाला. "सकाळी साडेनऊला दिलं त्यांनी मला. म्हणले, तू जेव पोटभर, मी जरा बाहेर जाऊन येतो. ट्रकच्या आडून गेटाबाहेर गेले ते पुन्हा दिसलेच न्हाईत. ताई, कुणाला बोलू नका. माझं गेट बंद होईल. दोन लेकरं हायेत मला."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

तो पाया पडायला वाकला, तशी मी मागे सरले. खाली चौथा पुढारी उठला होता.

अहवाल आल्यावर, मित्राला पहिल्यांदा चौकीत बोलावल्यावर मी का बोलले नाही, याचं एक उत्तर मी बरीच वर्षं स्वतःला देत आले: शब्द दिला होता. मी बावीस वर्षांची होते, फार वाचायचे, आणि शब्द पाळणारी माणसं मला पुस्तकांतून आवडायची. पण खरं असं आहे की पहिल्या आठवड्यात बोलले नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात बोलायचं तर 'आधी का नाही बोललीस' हे आलं. महिना गेला तसं ते वाढलं. वर्ष गेलं तसं आणखी. पोलिसांनी मित्राला नऊ वेळा बोलावलं. पुरावा नव्हता, म्हणून सोडून दिलं. दादाच्या लॉकरमधलं सामान घरी आलं, त्यात ते कुपनबुकही होतं. मला वाटलं, मिटलं.

चार वर्षांनी ती मालिका आली. उलगडा न झालेल्या गुन्ह्यांची. काळा कोट घातलेला सूत्रधार धुरातून चालत यायचा. तो धूर ते कुठून आणत असत कोण जाणे. आमच्या पट्ट्यात धूर भरपूर आहे पण तो इतका पांढरा नसतो. 'रिकाम्या पोटाचं रहस्य' असं त्या भागाला नाव दिलं होतं. दादाचं काम करणाऱ्या नटाने कँटीनमध्ये बसून कोंबडीचा रस्सा ओरपला. गळ्यात माळ घालायला ते विसरले नव्हते. रश्श्याचा एक थेंब माळेच्या मण्यावर पडतो, असं अगदी जवळून दाखवलं. पुढे दशक्रियेला कावळा काही केल्या शिवत नाही आणि मित्राचं काम करणारा नट पुढे आला की सगळे कावळे उडून जातात, असंही होतं. खरं तर त्या दिवशी पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला होता. त्या घाटावरच्या कावळ्यांना दिवसाला चार-पाच पिंडं असतात. ते असले खेळ करत नाहीत.

रस्सा ओरपणारा नट बघून आई उठली. "माळ घालून कोंबडी खातुय. ह्यो माझा न्हाई," ती म्हणाली आणि आत निघून गेली. मी शेवटपर्यंत पाहिलं. शेवटी सूत्रधाराने थेट आमच्याकडे बघून सांगितलं की स्वतःला मित्र म्हणवणारा तो माणूस आजही मोकळा फिरतो आहे. नाव घेतलं नाही. आमच्या गावात त्याची गरज नव्हती.

मित्राचं ठरलेलं लग्न त्या आठवड्यात मोडलं. पुढे दोन वर्षांनी सोलापूरकडची मुलगी मिळाली, त्यांच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. जत्रेच्या कमिटीत त्याच्या वडलांच्या जागी त्याला घ्यायचं होतं, ते राहिलंच. पण दादा गेला त्या वर्षापासून तो दर भाऊबीजेला माझ्याकडे येत होता, आणि मालिकेनंतरही आला. मी पाट मांडायचे, ओवाळायचे. आळीतल्या बायका मला म्हणायच्या, "किती मोठं मन गं तुझं, त्याला ओवाळतीस!" मी नुसतं हसायचे. त्या बायकांचा मला राग यायचा, आणि त्यांचं ते बोलणं खोडून काढत नसल्याबद्दल माझा त्याहून जास्त.

आई चार वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या महिन्यात तिला माणसं ओळखू येत नव्हती, तरी ती म्हणायची, "त्यो जेवला न्हवता." तिचं खरं आहे हे तिला सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं. ते माणूस तिला पेज भरवत होतं.

मालिका मध्यंतरी बंद पडली होती. यंदा ती पुन्हा सुरू झाली. आता ती मोबाइलवरही दिसते. सूत्रधार नवा आहे, धूर तोच आहे.

आमच्या शेतावर आता सात मजली इमारती आहेत. त्यातल्या एकीत मी राहते. शेजारी सगळे बाहेरगावाहून आलेले. त्यांच्या लेखी मी लायब्ररीवाल्या मॅडम, कारण चिंचवडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. रविवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मंडळी बसतात. बोलावलं की मीही बसते. बोलायला फारसं लागत नाही.

"ऐकलं का? पुढच्या महिन्यात आपल्या मोशीची केस येणारे!" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. नातू शाळेत पहिला आल्याचं सांगतानासुद्धा त्यांचा आवाज इतका फुलला नव्हता.

"ती रिकाम्या पोटाची ना? जुनी मी तीनदा बघितलीय," चेअरमन म्हणाले. "मित्रच आहे त्यात. शंभर टक्के."

"कशावरून?"

"अहो, तोंड बघा ना त्याचं!"

"तो नट होता, अहो," चेअरमनच्या बायको म्हणाल्या.

"नट असला म्हणून काय झालं? तोंड बघूनच घेतात ना ते!"

"पण ती खाण कुठली हो? आपल्या इथली तर नाही?" काकूंनी विचारलं.

"छे छे, ती पार पलीकडे," चेअरमन घाईघाईने म्हणाले. त्यांना त्यांचा एक फ्लॅट विकायचा होता. "हे लोक नुसतं मोशी मोशी करतात आणि इथले रेट पाडतात. मॅडम, तुम्ही तर मूळच्या इथल्या. सांगा ना यांना, खाण लांब आहे म्हणून."

"आपल्या मागचीच," मी म्हटलं. "भर टाकून बुजवली. आता त्यावर क्लबहाउस आहे."

मग कोणीतरी पाण्याच्या टँकरचा विषय काढला.

दोन दिवसांनी सकाळी मित्र आला. तो आता पंचेचाळिशीचा आहे. त्याच कंपनीत, प्रेसवरच. बस म्हटलं तर बसला नाही, ओट्यापाशी उभ्यानेच चहा घेतला.

"तायडे, ते पुन्हा करायलेत म्हणं."

"हो भाऊ, कळलं मला."

"पोरगी सातवीत हाय. वर्गातल्या पोरांनी जुना एपिसोड काढलाय मोबाइलवर. तिला म्हणत्यात, तुझ्या पप्पांना इचार, आज कोणाचं पोट रिकामं." त्याने कप खाली ठेवला. "तिनं मला अजून काय इचारलं न्हाई. त्येच वंगाळ वाटतंय. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी काय करू?"

"तू सख्खी बहीण. तू लिहून दिलंस, नगा करू म्हणून, तर ऐकतील. न्हाई ऐकलं तर न्हाई. पर तू देऊन तर बघ."

एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं, ते हे. नुसतं लिहून देणं. ते लोक बहिणीच्या चिठ्ठीने थांबणार नाहीत हे मला कळत होतं, आणि कशाने थांबतील हेही. बघते, असं मी म्हटलं. जाताना त्याने कप विसळून पालथा घातला.

मराठवाड्याच्या त्या माणसाला शोधायला मला दोन दिवस लागले. एकोणीस वर्षं शोधलं नव्हतं, त्यामुळे मी ते अवघड धरून चालले होते. कँटीनच्या जुन्या ठेकेदाराने लगेच पत्ता दिला. चाकणला, हार्डवेअरच्या दुकानावर ऑफिस. तो आता स्वतःच लेबर कॉन्ट्रॅक्टर आहे, चार कंपन्यांना माणसं पुरवतो. टेबलावर हजेरीची रजिस्टरं, खाली पांढरी गाडी. त्याने मला ओळखलं नाही. दादाचं नाव सांगितल्यावर मात्र उठून उभा राहिला, पाणी मागवलं, चहा मागवला.

"तुम्हाला दिलेला शब्द मोडायची परवानगी मागायला आले आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी बसमध्ये जुळवून ठेवलं होतं.

"कसला शब्द, ताई?"

मी सांगितलं. घाट, चपला, कुपन. मध्ये त्याचा फोन वाजला, तो त्याने बंद केला.

"अवो, ते व्हय!" तो म्हणाला. "मला तर तीन महिन्यांतच काढलं की ओ तिथून. आख्खी बॅचच काढली. सांगून टाकायचं की तवाच. मी तर इसरून बी गेलो." मग माझ्याकडे बघून जरा आवाज उतरवून म्हणाला, "म्हणजे दादांना न्हाई इसरलो. त्या दिवशी मटकीची उसळ होती आन् शिरा. शिरा दोनदा घेतला म्या. ते अजून ध्यानात हाय."

तीन महिने. मित्राचं लग्न मोडलं तेव्हा माझ्या शब्दाला राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई 'जेवला न्हवता' म्हणत होती तेव्हाही नव्हतं. चाकणला येऊन एकदा विचारायला मला बसने पाऊण तास लागला असता.

"लिहून द्याल?"

"देतो की. शिक्का बी मारतो."

त्याने लेटरहेडवर लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. खाली सोडायला आला तेव्हा विचारलं, "ताई, टीव्हीत ऑफिसचा बोर्ड दाखवतील का?"

आधी मी पोलीस चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी कागद वाचला, प्रत ठेवून घेतली, पोच दिली. फाइल फार जुनी आहे, बघतो, असं म्हणाले. मी उठताना म्हणाले, "ते सिरियलवाले चौकीत पण येणार आहेत का शूटिंगला?"

मग मी कळवल्यावर मालिकेची बाई आली, मुंबईहून, दोन कॅमेरेवाले घेऊन. माझं वर्षानुवर्षांचं पुस्तकांचं कपाट त्यांनी भिंतीपासून ओढून माझ्या मागे आणलं, कारण ते मागे चांगलं दिसतं. दादाच्या फोटोला घालायला हार त्यांनीच आणला होता. मी सगळं सांगितलं: एकादशी, सह्या केलेली कुपनं, साडेनऊ, ट्रक. लेटरहेड दाखवलं. कुपनबुक दाखवलं.

"ओ गॉड. मॅम, हे तर ट्विस्ट आहे!" ती म्हणाली.

"तुमच्यातल्या कोणी त्या वर्षीचं कॅलेंडर पाहिलं नाही का?" मी विचारलं. "त्या तारखेखाली एकादशी छापलेली आहे."

"मॅम, आमचा रिसर्च पोलीस फाइलवर बेस्ड असतो." तिला राग आला नव्हता. "एकदा चष्मा काढून पुसाल का, प्लीज? आणि मग खिडकीबाहेर बघाल?"

चष्म्याला काही झालेलं नव्हतं. मी पुसला.

मित्राला हे सगळं आधी सांगायला हवं होतं. मी फक्त फोन केला आणि म्हटलं, "भाऊ, काळजी करू नकोस, यावेळी तुझं नाव जाणार." म्हणजे निघून जाणार. तो "बरं" म्हणाला. त्याने कसं म्हणून विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. समोरासमोर सांगण्यापेक्षा कॅमेऱ्याला सांगणं सोपं होतं. ज्या लोकांना मी एवढी नावं ठेवत आले, त्यांच्याच हातून मी त्याला निरोप पाठवला.

भाग लागला तेव्हा मी घरी एकटी पाहिला. कोंबडी काढून टाकली होती. दादाचा नवा नट कंत्राटी कामगाराच्या हातात कुपन ठेवतो आणि पाठीमागे टाळ वाजतात. ऑफिसचा बोर्ड दाखवला होता. मित्र निर्दोष असल्याचं सूत्रधाराने एका वाक्यात सांगून टाकलं, रस्त्यात कोणाला धक्का लागल्यावर सॉरी म्हणतात तसं. एवढी वर्षं त्याच्या मानेवर बसून होते, उतरताना मागे वळूनही पाहिलं नाही. मग तो धुरात थांबला आणि म्हणाला, "पण आता खरा प्रश्न उभा राहतो. बहिणीला हे पहिल्यापासून माहीत होतं. मग ती गप्प का राहिली? तिला कोणाला वाचवायचं होतं?" आणि मी चष्मा पुसताना. त्यानंतर माझं काम करणारी एक नटी, हातात जाड पुस्तक, खिडकीतून बाहेर खाणीकडे बघत हळूच हसते.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी मतदान टाकलं. मित्र, बहीण, अपघात. मीही त्या ग्रुपवर आहे हे तासाभराने कोणाच्या तरी लक्षात आलं आणि ते काढून टाकलं. तोवर बहीण पुढे होती. चेअरमन लिफ्टमध्ये भेटले. "मॅडम, मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "मी अपघाताला दिलंय."

त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते लिहायची गरज नाही. सूत्रधार, ती बाई, लेटरहेडवाला, काकू, यांतलं कोणीही मला पुन्हा भेटलं नाही तरी चालेल. एका माणसाच्या मरणाचं कोडं करून विकायचं, ते चुकीचं सोडवायचं, चूक दाखवली की तिचंही नवं कोडं करायचं, आणि मधल्या मधे एका सातवीतल्या मुलीने शाळेत काय ऐकायचं याच्याशी आपला संबंध नाही असं धरायचं, हा त्यांचा धंदा आहे. पण सूत्रधाराचा तो प्रश्न खोटा नव्हता. प्रेक्षक टिकवायला विचारलेला असला तरी बरोबर होता, आणि इतक्या वर्षांत तो मला विचारणारा तोच पहिला निघाला, याची मला लाज वाटते.

मित्र त्याच दिवशी संध्याकाळी आला. दारातच उभा राहिला.

"दहाव्यापासनं म्हाईत होतं तुला?"

"हो."

"मला नऊ टायमाला चौकीत बसवलं. तिथनं सुटलो की आधी हितं यायचो. तू च्या करून द्यायचीस मला."

"हो, भाऊ."

"आन् आईला?"

"आईलाही नाही सांगितलं."

त्याने दाराची कडी वर केली, खाली केली. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुतेक म्हणूनच ओरडला नाही.

"पोरीचं मिटलं," तो म्हणाला. "पोरं काय बोलत न्हाईत आता. तिनं काल इचारलं मला. म्या सांगितलं सगळं. बरं झालं ते."

त्याने चपला पायात सरकवल्या आणि जिन्याने गेला. लिफ्ट वरच थांबलेली होती.

भाऊबीजेला मी पाट मांडला, निरांजन लावलं. दुपारी चारच्या सुमारास पाट उचलून ठेवला. गावातल्या एका बाईकडून कळलं की यंदा जत्रेच्या कमिटीत त्याचं नाव घेतलं आहे.

दादाला काय झालं ते अजून माहीत नाही. मित्र आता येत नाही. कुपनबुक माझ्या कपाटात आहे. त्यात त्या एकादशीनंतरच्या तारखांची अकरा कुपनं आहेत, आणि सगळ्यांवर दादाची सही आहे.